शिफ्ट सुरू होतानाची आठ मिनिटं

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या बऱ्याच वर्कशॉपमध्ये साहेब ऑपरेटरशी दोनच वेळा बोलतात: माल रिजेक्ट झाला की, नाहीतर ओटीला (ओव्हरटाइमला) थांबवायचं असलं की. मग साहेब लाईनवर दिसले की माणसं आधी सावध होतात. तुम्हीच ते साहेब असाल आणि ही सवय मोडायची असेल तर काही बिघडलेलं नसतानाही रोज ठरलेल्या वेळी बोलावं लागतं. शिफ्टच्या सुरुवातीची आठ मिनिटं त्याला पुरतात.

जागा कॉम्प्रेसर आणि प्रेसपासून लांबची निवडा. ओरडून बोललेलं सगळंच रागावल्यासारखं ऐकू येतं. एका वेळी १२ ते १५ माणसं, अर्धगोलात, उभ्यानेच. जास्त असतील तर दोन गट करा, नाहीतर मागच्या रांगेत मोबाईल निघतात. आणि ही आठ मिनिटं शिफ्टमधलीच हवीत. पंचिंगच्या आधी बोलावलंत तर माणसं घड्याळाकडे बघत उभी राहतील, आणि त्यांचं चूक नाही.

सुरक्षेचं एक वाक्य, कालचं उत्पादन आणि रिजेक्शन, आज काय वेगळं आहे, एवढं पाच मिनिटांत आटपा. उरलेली तीन मिनिटं त्यांची. "काही अडचण?" असं विचारलंत तर कोणी बोलणार नाही. "काल कोणत्या मशीनवर हात थांबले, कशामुळे?" असं विचारा आणि गप्प राहा. दहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते, पण ती तुम्ही भरून काढलीत की संपलं.

सूचना देताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "बोअर नीट बघून चालवा" ही सूचनाच नाही. (बोअर म्हणजे जॉबमधलं, म्हणजे मशीनवर बनणाऱ्या भागातलं भोक.) मशीन कुठलं, किती जॉबनंतर, कशाने तपासायचं, चुकलं तर काय करायचं आणि का, एवढं त्यात हवं. उदाहरणार्थ: "तीन नंबरवर दर २० जॉबनंतर प्लग गेज (भोकाचं माप तपासायची दांडी) लावा. गो बाजू (जी आत जायलाच हवी ती) आत गेली नाही तर मशीन थांबवा आणि मला हाक मारा, ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) स्वतः बदलू नका. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजला की बोअर लहान होतो." शेवटचं वाक्य गाळू नका. कारण माहीत असलेला ऑपरेटर विसाव्या जॉबची वाट बघत नाही, आवाज बदलला की आधीच तपासतो.

"समजलं का?" याला उत्तर एकच, "हो साहेब". त्याऐवजी एकाला विचारा, "मामा, गेज आत गेलं नाही तर तुम्ही काय करणार?" दरवेळी नवीन पोरालाच धरलंत तर ती तोंडी परीक्षा होते, म्हणून जुन्या माणसालाही विचारा. बिहार-यूपीकडची मुलं असतील तर तीच सूचना हिंदीतही सांगा. शेजारच्याने कानात सांगितलेल्या भाषांतरात आकडे हमखास गळतात.

तक्रार आली की ती तिथेच फळ्यावर लिहा: काय, कोणी सांगितलं, उत्तर कधी. "बघतो" म्हणू नका. "पंख्याचं शुक्रवारपर्यंत सांगतो" म्हणा, आणि शुक्रवारी उत्तर नकाराचं असलं तरी सांगा. दोन शुक्रवार तसेच गेले की तिसरी तक्रार तुमच्यापर्यंत येत नाही, थेट चहाच्या टपरीवर जाते.

या पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. डिस्पॅच अडकलं म्हणून ती रविवारी ढकलायची असेल तर बुधवारी रात्री व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होऊ नका. जुन्नर-खेडची माणसं तोवर गावाकडच्या गाडीत बसलेली असतात. निदान तीन दिवस आधी तोंडी सांगा, कारण सांगा, आणि ज्याला अजिबात जमणार नाही त्याने कोणाला सांगायचं तेही सांगा. पालखीच्या दिवसाचं तसंच. आकुर्डी-दिघीकडचे रस्ते बंद होणार हे दरवर्षी माहीत असतं, मग वेळेचा निरोप आदल्या संध्याकाळी कशाला? शिफ्टच्या वेळा कायमच्या बदलायच्या असतील तर गोष्ट निराळी. सेवाशर्तींतल्या अशा बदलासाठी कायद्यात २१ दिवसांच्या नोटिशीची तरतूद आहे, तेव्हा आधी एचआरशी बोला.

एखाद्याची चूक या आठ मिनिटांत काढायची नाही. त्याला नंतर बाजूला घ्या, जॉब हातात धरून बोला: "हा बघा, इथे चॅटर (टूल थरथरल्याचे व्रण) आलाय. काय झालं होतं?" जॉबबद्दल बोललं की माणूस उत्तर देतो. "तुमचं लक्ष नसतं" म्हटलं की उत्तर बंद.

तिसऱ्या पाळीला मात्र यातलं काहीच पोचत नाही. दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर गेटवर घाईत जे सांगेल तेवढंच. बदल रजिस्टरमध्ये लिहा, घेणाऱ्याची सही घ्या, आणि आठवड्यातून एकदा रात्री स्वतः जाऊन तीच आठ मिनिटं तिथे घ्या.