जुने हल्लेखोर विमान निवृत्त करावे का, याचा निवाडा कसा करावा

मुंबईतल्या महाविद्यालयीन वादविवादासाठी किंवा स्पर्धा परीक्षेच्या निबंधासाठी हा विषय घेणाऱ्याने अमेरिकेच्या ए-१० विमानाचे प्रकरण अभ्यासायला घ्यावे, कारण त्यात दोन्ही बाजूंचे युक्तिवाद सरकारी आकड्यांसह उघडपणे मांडले गेले आहेत. १९७२ साली प्रथम उडालेले हे विमान भूदलाला अगदी जवळून हवाई साहाय्य देण्यासाठीच बांधले गेले. २०११ च्या अर्थसंकल्प नियंत्रण कायद्याने खर्चाला कात्री लागल्यावर, फेब्रुवारी २०१४ मध्ये संरक्षणमंत्री चक हेगल यांनी त्याचा संपूर्ण ताफा निवृत्त करण्याचा प्रस्ताव जाहीर केला आणि अमेरिकी काँग्रेसने तो अडवून धरला.

सुरुवात विमानापासून करू नये. ते जे काम करते त्यापासून करावी. शत्रूपासून काहीशे मीटरवर अडकलेल्या तुकडीला मदत हवी असते तेव्हा वैमानिकाला आपले सैनिक नेमके कुठे आहेत हे ओळखावे लागते, जमिनीवरच्या नियंत्रकाशी बोलत राहावे लागते आणि बराच वेळ त्याच परिसरात घिरट्या घालाव्या लागतात. यांतले कोणते काम एफ-१६, एफ-१५ई ही लढाऊ विमाने किंवा बी-१ हे बॉम्बफेकी विमान अचूक बॉम्बच्या जोरावर करू शकतात आणि कोणते जमत नाही, हे वेगवेगळे लिहून काढावे. विमानाचे चाहते इथे हमखास तोफेकडे वळतात. ती तोफ असामान्य आहे यात शंका नाही: सात नळ्या, ३० मिलिमीटरचे गोळे आणि मिनिटाला सुमारे ३,९०० गोळ्यांचा वेग. पण विमानात १,१७४ गोळेच मावतात, म्हणजे अखंड मारा केला तर साधारण १८ सेकंदांत साठा संपतो. म्हणून वैमानिक एक-दोन सेकंदांचेच झटके देतो. नुसत्या तोफेच्या वर्णनावर उभा केलेला युक्तिवाद पहिल्याच उलटतपासणीत कोसळतो.

त्यानंतर धोका तपासावा, आणि तोही युद्धनिहाय. एप्रिल २००३ मध्ये बगदादवर मार बसून हायड्रॉलिक यंत्रणा (द्रवाच्या दाबाने विमानाचे नियंत्रण हलवणारी) निकामी झाल्यावर कॅप्टन किम कॅम्पबेल यांनी केवळ तारा आणि दांड्यांच्या यांत्रिक जोडणीवर विमान तळापर्यंत परत आणले; समर्थक हा दाखला देतात आणि तो खरा आहे. मात्र फेब्रुवारी १९९१ मध्ये इराकच्या रिपब्लिकन गार्ड या निवडक सैन्यावर हल्ले करताना एकाच दिवशी दोन ए-१० पाडली गेली आणि त्यानंतर या विमानांना तिथून मागे घेण्यात आले, हेही तितकेच खरे आहे. हवाई संरक्षण दुबळे असलेल्या अफगाणिस्तानातील यशावरून आधुनिक क्षेपणास्त्रे बाळगणाऱ्या शत्रूविषयी निष्कर्ष काढणे मला तरी बेजबाबदारपणाचे वाटते.

सर्वांत जास्त वेळ हिशेबाला द्यावा, कारण वाद तिथेच जिंकला किंवा हरला जातो. संपूर्ण ताफा काढल्यास पाच वर्षांत सुमारे ४.२ अब्ज डॉलर वाचतील, असे अमेरिकी हवाई दलाचे म्हणणे होते. थोडी विमाने काढून भागत नाही, कारण प्रशिक्षण, सुट्या भागांची साखळी आणि दुरुस्तीची कार्यशाळा यांचा ठरावीक खर्च शेवटचे विमान उडेपर्यंत चालूच राहतो; बेस्टने एखाद्या प्रकारच्या निम्म्याच बस मोडीत काढल्या तरी तिच्या सुट्या भागांचे कोठार ठेवावेच लागते, तसेच हे. एवढीच बचत एफ-१६ मधून करायची तर साडेतीनशेहून अधिक विमाने काढावी लागतील, असा प्रतिवाद हवाई दलाने केला होता आणि तो वजनदार आहे. तरीही आकडा डोळे मिटून घेऊ नये. अमेरिकेच्या जीएओ या लेखापरीक्षण संस्थेने २०१५ मध्ये हा बचतीचा अंदाज अपुरा ठरवला, कारण तेच काम दुसऱ्या विमानांकडे गेल्यावर त्यांचे उड्डाण-तास वाढतात आणि त्या खर्चाचा पूर्ण विचार झाला नव्हता. आपल्याकडचा अभ्यासक अशा वेळी कॅगच्या अहवालाकडे वळतो. इथे जीएओचा मूळ अहवाल वाचावा, त्यावरची बातमी नव्हे.

भारताचे उदाहरण घ्यायचे तर जपून घ्यावे. २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरहून मिग-२७ या हल्लेखोर विमानाने निरोप घेतला, पण तो निर्णय ए-१० सारखा कात्रीतून आलेला नव्हता, म्हणून दोन्ही प्रकरणे एका तराजूत घालता येत नाहीत.

शेवटी निकाल नुसता हो किंवा नाही असा लिहू नये. बदली विमान कोणत्या चाचणीत कोणते काम करून दाखवेल तेव्हा ताफा काढावा, जमिनीवरच्या नियंत्रकांचा सराव तोवर कोणासोबत चालेल, आणि काढलेली विमाने ॲरिझोनातील डेव्हिस-मंथन तळावर पुन्हा उडवता येतील अशा स्थितीत ठेवायची की सुट्या भागांसाठी सोलायची, या तीन अटी स्पष्ट नोंदवाव्यात. तिसरी अट मुंबईकरांनी तरी वगळू नये: १९९७ मध्ये निवृत्त झालेली विमानवाहू युद्धनौका विक्रांत काही वर्षे इथे संग्रहालय म्हणून उभी होती, आणि देखभालीचा प्रश्न न सुटल्याने २०१४ मध्ये दारूखान्यात तोडली गेली.