नवशिक्यांना मामा तलावात पहिल्यांदा कयाकवर नेताना

पहिल्यांदा कयाकमध्ये बसलेल्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत असते: ही उलटली तर? तोवर तुम्ही वल्हं कसं मारायचं ते कितीही सांगा, त्याच्या कानात काही शिरत नाही. म्हणून क्रम फिरवा. आधी उलटायला शिकवा, वल्हवायला नंतर.

जागा आदल्या दिवशी बघून या. खिंडसी किंवा नवेगावबांधसारख्या मोठ्या पाण्यावर वारा सुटला की लाट उठते. त्यापेक्षा गावचा मामा तलाव, म्हणजे जुना माजी मालगुजारी तलाव, बरा. ग्रामपंचायतीला आणि मच्छीमार सोसायटीला विचारा, आणि तिथे रोज डोंगा टाकणाऱ्या ढिवर काकांनाही. जाळी कुठे लावलीत, बुडालेली खुंटं कुठे आहेत, शिंगाड्याचे वेल कुठवर पसरलेत, पाण्यात मगर आहे का, हे त्यांना जेवढं ठाऊक असतं तेवढं कुठल्याच नकाशात नसतं. धानाला पाणी सोडलं असेल तर तुडूम, म्हणजे तलावातून पाणी सोडायचं दार, उघडा असतो आणि तिथे पाणी आत ओढतं. त्याच्या आसपास फिरकू नका. सांडवा वाहत असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही.

दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस चांगले, वेळ सकाळी 8 ते 10:30. ऊन चढलं की वारा वाढतो. पाण्यावर पांढरा फेस दिसला किंवा ढग गडगडला की सगळे बाहेर.

कयाक वर बसायची घ्या, पाय आत घालायची नको. उलटली तर माणूस आपोआप मोकळा होतो. मागच्या टोकाचं बूच स्वतः पिळून बघा. ते सैल राहिलं की होडी आतून भरत जाते, जड होते, डोलते, आणि नवख्याला वाटतं आपलंच चुकतंय.

लाइफजॅकेट अंगावर असणं पुरेसं नाही, ते घट्ट बसायला हवं. पट्टे खालून वर आवळा, मग दोन्ही खांदे धरून वर ओढा. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते पाण्यातही वर सरकेल आणि हनुवटी खाली जाईल. दुसरा साइझ द्या. ओढणी, लुंगी, मोकळी चप्पल काठावरच ठेवायला सांगा. पायात मागून पट्टा असलेली सँडल हवी, कारण तळाशी शिंपले असतात आणि बाभळीचे काटेही.

आता छातीभर पाण्यात उलटायचा सराव. एक जाणकार शेजारी उभा राहील. शिकणाऱ्याने मुद्दाम एका बाजूला कलायचं, पडायचं, वल्हं आणि होडी सोडायची नाही. होडी सुलटी करायची, मधोमध येऊन पाय मारत वर चढायचं: आधी पोट आडवं टाकायचं, मग बूड फिरवून बसायचं, शेवटी पाय आत. प्रत्येकाकडून दोनदा करून घ्या. दुसऱ्यांदा बहुतेकांना हसू फुटतं. भीती गेल्याची ती खूण.

वल्हं डोक्यावर आडवं धरा, कोपर काटकोनात आलं की पकड बरोबर. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालायचं, कमरेशी बाहेर काढायचं, ओढायचं ते कंबर वळवून. नुसत्या हातांनी ओढणारा दहा मिनिटांत दमतो. पहिल्या दिवशी पुढे जाणं, थांबणं आणि वळणं, बस. घाबरलेला माणूस होडीच्या दोन्ही कडा गच्च धरतो, त्याने अंग ताठतं आणि होडी जास्तच डगमगते. हात वल्ह्यावर ठेवायला सांगा.

चार शिकणाऱ्यांमागे एक जाणकार पाण्यात, आणि काठावर 20 मीटर दोर घेऊन एक जण. काठाला समांतर, तीसेक मीटरच्या आत, जाताना वाऱ्याच्या तोंडावर. म्हणजे दमल्यावर वाराच परत आणतो. एक शिट्टी म्हणजे थांबा, तीन म्हणजे मदत. पहिली फेरी वीस मिनिटांची.

कुणी बुडून श्वास थांबला तर त्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. त्यात फक्त वेळ जातो. आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास हा क्रम चालू ठेवा, आणि एकाला 108 लावायला सांगा.

परतताना सावध राहा. काठ हातभरावर आला की लोक उठून उभे राहतात आणि नेमके तिथेच पडतात. वल्ह्याने गाळ किती आहे ते चाचपायचं, दोन्ही पाय दोन बाजूंनी पाण्यात टेकवायचे, मगच उठायचं.