व्हेनियर बसवलेत? आंबट पेयं पिताना या चुका टाळा

‘आता दातांवर सिरॅमिक आहे, काही होत नाही,’ असं म्हणत बरेच जण लिंबूपाणी, कोकम सरबत, कोला बिनधास्त पितात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सिरॅमिकला या पेयांनी फारसं काही होत नाही, हे खरं. पण व्हेनियर म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा, तोही दाताच्या पुढच्या बाजूला. हिरडीजवळची कड आणि मागची बाजू तुमच्या मूळ दाताचीच. तोंडातला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, विरघळायला लागतं, आणि लिंबाचा रस, कोला असतात 2 ते 3 च्या घरात. कडेचा दात झिजला की व्हेनियर चिकटवणारं आतलं सिमेंट उघडं पडतं, तिथे डाग धरतो, मग कीड शिरते. वरून सगळं चकचकीत, त्यामुळे कळतं फार उशिरा. डाएट कोलानेही सुटका नाही. साखर गेली तरी आम्ल राहतंच.

सिरॅमिकऐवजी कंपोझिटचे (दाताच्या रंगाच्या रेझिनचे) व्हेनियर्स असतील तर जास्त जपा. आम्लाने त्यांचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि चहा-कोकमाचा रंग त्यात बसतो. डॉक्टरांकडून पॉलिश करून घेतलं की बहुतेकदा चमक परत येते. घरी कोळशाची पावडर मात्र घासू नका.

एकच ग्लास तासभर घोट घोट पिणं हीसुद्धा चूकच. किती प्यालात यापेक्षा दात किती वेळ आम्लात राहिले, ते बघा. सरबत जेवणासोबत घ्या, स्ट्रॉ वापरा, नंतर साध्या पाण्याने चूळ भरा. सकाळी लिंबू-मध घेऊन लगेच ब्रश करणारे तर मऊ झालेलं इनॅमल स्वतःच खरवडून काढतात. आधी ब्रश करा, नाहीतर अर्धा-पाऊण तास थांबा.

कडेला तपकिरी रेघ दिसली, गार पाण्याने हिरडीजवळ कळ आली, तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका. व्हेनियर निघालंच तर डबीत जपून ठेवा आणि घेऊन जा. बाजारातल्या गोंदाने चिकटवलंत तर ते पुन्हा नीट बसवणं अवघड होतं.

आणि दवाखान्यात फ्लोराइड लावून घेताना व्हेनियर्स असल्याचं आधी सांगा. आम्लयुक्त फ्लोराइड जेल सिरॅमिकची चकाकी खातं; त्याऐवजी न्यूट्रल सोडियम फ्लोराइड मिळतं.