हृदयावरचा वण आणि विजेची वाट : घरातली फाइल कशी वाचावी

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाची फाइल घरात जपून ठेवलेली असते. पण तिच्यातला ‘स्कार’ (हृदयाच्या स्नायूवरचा वण) हा शब्द बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तो समजून घेण्यासाठी अटॅकनंतरचा ईसीजी आणि इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट समोर घ्यावा.

रक्तपुरवठा तुटून मेलेल्या स्नायूपेशींच्या जागी काही आठवड्यांत कोलॅजनचा चिवट वण तयार होतो. तो हृदयाची भिंत सांधून धरतो, परंतु स्वतः आकुंचन पावत नाही आणि वीजही वाहून नेत नाही. वण सलग असता तर विजेची लहर त्याला वळसा घालून निघून गेली असती. धोका असतो तो वणात आणि त्याच्या कडेला जिवंत राहिलेल्या स्नायूंच्या बारीक धाग्यांचा. तिथे पेशींना जोडणारी गॅप जंक्शन्स विरळ होतात आणि निरोगी स्नायूत सेकंदाला सुमारे अर्धा मीटर जाणारी लहर नागमोडी वळणे घेत रेंगाळते.

कोल्हापूरच्या आसपास ऊसतोडीनंतर फडात पाचट पेटवलेले आपण पाहतो. जळलेल्या जागेवर आग पुन्हा येत नाही. तशीच नुकतीच चेतलेली पेशीही क्षणभर पुन्हा चेतत नाही. पण समजा, ओलसर सरीत धुमसत राहिलेली ठिणगी इतक्या उशिरा पलीकडे पोहोचली की तोवर तिथे नवे पाचट पडले होते, तर फड पुन्हा पेटेल. वणातल्या अरुंद वाटेने उशिरा बाहेर पडलेली लहर नेमके हेच करते आणि वणाभोवती फेऱ्या मारू लागते. हीच व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी जलद धडधड.

आता ईसीजीचा कागद उजेडात धरावा. कागदाचा वेग बहुधा सेकंदाला २५ मिमी असतो, म्हणजे एक लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा. क्यूआरएस, म्हणजे प्रत्येक ठोक्यातला टोकदार भाग, तीन लहान चौकोनांहून रुंद असेल, तर खालच्या कप्प्यांत वीज पसरायला वेळ लागतो आहे. त्याचे कारण वणच असेल असे मात्र नाही. क्यूआरएसच्या सुरुवातीलाच खाली जाणारी खोल, रुंद क्यू लहर जुन्या वणाकडे बोट दाखवते. ईसीजी साधा दिसला म्हणून वण नाही, असेही समजू नये. वणाचा आकार गॅडोलिनियम हे रंगद्रव्य शिरेतून देऊन केलेल्या एमआरआयमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो.

इकोमध्ये ईएफ (प्रत्येक ठोक्याला डावा खालचा कप्पा त्यातले किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा) पाहावा. अटॅकला किमान ४० दिवस होऊन, औषधे नीट चालू असतानाही तो ३५ टक्के किंवा कमी असेल, तर आयसीडीबद्दल (धोकादायक धडधड ओळखून विजेचा धक्का देणाऱ्या, शरीरात बसवायच्या यंत्राबद्दल) डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. अशा धडधडीचे झटके वारंवार येत असतील, तर ती अरुंद वाट उष्णतेने बंद करणाऱ्या अ‍ॅब्लेशनबद्दलही विचारावे. बीटा ब्लॉकरची (हृदयाचा वेग आवरणारी) गोळी आपल्या मनाने कधीही थांबवू नये.

माझ्या वडिलांची धडधड आम्ही दोन दिवस पित्त समजून सोडा देत काढली. ती चूक दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये असे मनापासून वाटते. वण असलेल्या माणसाला अचानक जोराची धडधड होऊन चक्कर आली, घाम फुटला किंवा शुद्ध हरपली, तर दुचाकीवर बसवून नेऊ नये, १०८ ला फोन करावा. माणूस शुद्धीवर नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहावे. जुन्या ईसीजीचा स्पष्ट फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवावा, म्हणजे तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना नवी पट्टी त्याच्याशी लगेच ताडून पाहता येईल.