नाराला जाताय? हरणांच्या आधी राजधानी बघा

ओसाकाला आमच्याकडे पुण्याहून पाहुणे आले की नाराची फेरी ठरलेली. हरणं, तोदाइजी मंदिरातला दाइबुत्सु म्हणजे भव्य बुद्धमूर्ती, फोटो, संध्याकाळी घरी. माझा मात्र आग्रह असतो की अर्धा दिवस आधी तिथल्या जुन्या राजवाड्याच्या जागेला द्या. इ.स. 710 मध्ये सम्राज्ञी गेनमेइ हिने जपानची राजधानी जिथे आणली, ते हेइजो-क्यो हरणांच्या बागेच्या पश्चिमेला आहे. 2010 साली त्या राजधानीची 1300 वर्षं साजरी झाली ती याच राजवाड्याच्या माळावर. पण नुसतं जाऊन उभं राहिलात तर गवतच दिसेल. कुठे काय बघायचं ते माहीत हवं.

सोमवार टाळा, इमारती बंद असतात. ओसाका-नाम्बाहून किन्तेत्सु या रेल्वे कंपनीची गाडी पकडा, पण नारापर्यंत जाऊ नका, यामातो-साइदाइजीला उतरा. सावली जवळजवळ नाही, तेव्हा टोपी आणि पाणी जवळ ठेवाच. प्रवेश फुकट आहे.

आधी संग्रहालय. सगळ्यात जास्त वेळ मी तिथे घालवते, तो ‘मोक्कान’ नावाच्या लाकडी पट्ट्यांपाशी. प्रांताप्रांतातून कर म्हणून आलेल्या मिठाला, मासळीला, समुद्रशेवाळाला या पट्ट्या बांधलेल्या असायच्या. कुठून आलं, कुणी पाठवलं, किती, सगळं शाईने लिहिलेलं. काम झालं की कारकून वरचा थर सुरीने तासायचा आणि त्याच पट्टीवर नवीन मजकूर लिहायचा. ते तासलेले पातळ कपचेसुद्धा हजारोंनी सापडलेत, एखाददुसरं अक्षर अंगावर घेऊन. 784 मध्ये राजधानी नागाओकाला गेली, लाकडी इमारती उतरवून नेल्या आणि इथे भातशेती सुरू झाली. जमिनीतल्या ओलीने हे लाकूड टिकवलं.

तिथून दाइगोकुदेन, म्हणजे राज्याभिषेक आणि मोठे दरबार व्हायचे ती वास्तू. आत्ताची 2010 साली बांधून पूर्ण झालेली आहे. लाल रंगाचे 44 खांब, उंची सुमारे 27 मीटर. दर्शनी बाजूला उभं राहून पूर्वेकडे बघा, वाकाकुसा टेकडीच्या पायथ्याशी तोदाइजीचं छप्पर दिसतं. नवीन बांधकाम म्हणून नाक मुरडू नका. जुन्या शहराचा आवाका डोळ्यात भरतो तो इथेच.

पण माझी आवडती जागा त्याच्या पूर्वेला, सम्राटाच्या निवासाच्या आवारात आहे. तिथे इमारत उभारलेलीच नाही. जिथे जिथे खांबाचा खड्डा सापडला तिथे झुडूप लावून ते गोल कापलंय. रांगोळीच्या ठिपक्यांसारखी ही झुडपं ओळीने उभी आहेत, रेषा आपण मनात जोडायच्या. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत पावलं मोजत चाला, खोली केवढी होती ते लक्षात येतं. जवळच खऱ्या उत्खननाचे खड्डे छपराखाली जसेच्या तसे ठेवलेत. एकाच जागी पुन्हा पुन्हा बांधल्यामुळे एका खड्ड्यात दुसरा घुसलेला दिसतो.

मग दक्षिणेला, सुझाकु-मोन या राजवाड्याच्या मुख्य वेशीकडे. वाटेत रूळ ओलांडावे लागतात, कारण गाडी राजवाड्याच्या मधूनच जाते. या वेशीसमोर 70 मीटरहून रुंद राजरस्ता होता. तिथला तानादा काजुरोचा पुतळा चुकवू नका. हा हरणांच्या बागेतला माळी. जुना राजवाडा कुठे आहे, असं येणारेजाणारे विचारायचे, आणि ती जागा तर दुर्लक्षित पडलेली. ती वाचवण्यासाठी याने उभा जन्म आणि स्वतःचा पैसा घातला. 1921 मध्ये तो गेला, 1922 मध्ये जागेला सरकारी संरक्षण मिळालं. त्याच्याशिवाय तुम्ही-आम्ही इथे काय बघितलं असतं? मी पाहुण्यांना तिथे थांबवतेच.

इथवर दुपार होते. भूक असेल तर वेशीजवळच्या चौकात खाऊन घ्या आणि चालत साइदाइजीला परत या. तिथून काशिहारा मार्गाच्या गाडीने निशिनोक्यो, आणि पुढे दहा मिनिटं चालत तोशोदाइजी. 759 साली चिनी भिक्षू गांजिन यांनी स्थापलेलं हे मंदिर. लोक पुढच्या सभागृहाचे खांब बघून परततात. तुम्ही मागे जा. मागचं प्रवचनगृह म्हणजे हेइजोच्या राजवाड्यातली इमारत, इथे हलवलेली. राजवाड्यातली मूळ वास्तू उरली ती एवढीच. पुढे तिच्यात बरेच फेरबदल झाले, तरी सकाळी ठिपके जोडून जे मनात बांधलंत, ते इथे लाकडात बघायला मिळतं.

तोशोदाइजीत साडेचारनंतर आत सोडत नाहीत, तेव्हा सुझाकु-मोनहून तीनच्या आत निघा. तोदाइजी दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. तिथल्या दाइबुत्सुचे डोळे 752 साली बोधिसेन या भारतीय भिक्षूने रंगवून उघडले होते. त्यासाठी सकाळी लवकर जा, नऊनंतर सहलींच्या बस येतात.