घोड्याच्या डोक्याच्या नाण्यावरचा कळंक कसा काढावा

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणाच्या ना कुणाच्या हाती हे तांब्याचं नाणं कधीतरी येतंच. एका बाजूला घोड्याचं डोकं, खाली नांगर, कडेने ‘नोव्हा सिझेरिया’, म्हणजे न्यू जर्सीचं लॅटिन नाव. मागे ढाल. १७८६ च्या जूनमध्ये इथल्या विधिमंडळाने अशा तीस लाख नाण्यांचा ठेका दिला, तेव्हा अमेरिकेची फिलाडेल्फियातली सरकारी टांकसाळ निघालेलीही नव्हती. नाणं मिळालं की मला फोन येतो, “काका, कशाने घासू?”

कशानेही घासू नका.

आधी वजन करा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कायद्याने ठरलेलं वजन १५० ग्रेन, म्हणजे साधारण ९.७ ग्रॅम, प्रत्यक्षात थोडं कमी-जास्त भरतं. शेतातलं नाणं असेल तर माती डिस्टिल्ड पाण्यात सोडवून लगेच कोरडं करा.

आता कळंक, म्हणजे तांब्यावर चढणारा हिरवा गंज. माझं पहिलं नाणं मी चिंचेच्या कोळात बुडवलं होतं, कारण घरी तांब्याची भांडी तशीच लखलखीत होताना पाहिली होती. पाच मिनिटांत ते ताम्हनासारखं गुलाबी झालं आणि मी खूश झालो. एका जुन्या संग्राहकाला दाखवलं, तर त्याने भिंगसुद्धा न लावता परत दिलं. ज्या तपकिरी थराला मी मळ समजलो, ते तांबंच असतं, दोनशे वर्षं हवेत राहून बदललेलं. घोड्याच्या आयाळीच्या बारीक रेघा त्याच थरात असतात. आंबटाने थर उतरला की रेघाही उतरतात, आणि त्या परत आणता येत नाहीत. म्हणून लिंबू, व्हिनेगर, केचप, खायचा सोडा, तारेचा ब्रश यांपैकी काही सुचवणाऱ्याचं ऐकू नका. ऑलिव्ह तेलाचंही नाही. त्यातही आम्ल असतं.

प्रत्येक हिरवा रंग काढायचाही नसतो. गुळगुळीत, घट्ट, सगळीकडे सारखा पसरलेला हिरवा थर असेल तर हात लावू नका. उंचवट्यासारखे बसलेले हिरवे खडे आणि चिकट मेण तेवढं काढायचं. फिकट हिरवी पूड टेकवताच सुटत असेल आणि पुसल्यावर पुन्हा येत असेल, तर तो तांब्याला लागलेला रोग आहे, आणि तो दमट हवेत वाढतो. तिथे घरगुती उपाय थांबवा, नाणं कोरड्या जागी ठेवा आणि धातूच्या वस्तूंचं जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

बाकीच्यासाठी झायलीन, हे एक पातळ रासायनिक द्रावक. काचेच्या बरणीत, झाकण लावून, दोन-तीन दिवस. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास गॅस पेटलेला नको. वाफ डोक्यात जाते आणि पेटही घेते. प्लॅस्टिकचं भांडं घेऊ नका. झायलीनने कळंक विरघळत नाही, पण त्याला धरून ठेवणारा तेलकट मळ सुटतो. मग भिंगाखाली गुलाबाच्या काट्याने एकेक खडा बाजूने उचकटायचा. काटा तांब्यापेक्षा मऊ असतो. सुई कधीच नाही. खडा हलत नसेल तर नाणं परत बरणीत टाका. खड्याखाली खळगा निघेल, तो कळंकाने आधीच खाल्लेला असतो. त्याला उकरू नका. एका खड्यासाठी मी तीन आठवडे घालवलेत.

शेवटी ‘कॅमल हेअर’ नावाने मिळणारा मऊ ब्रश फिरवा आणि सुती अस्तराच्या कागदी पाकिटात ठेवा. पीव्हीसी प्लॅस्टिकची पाकिटं नकोत, त्यांनी नवा हिरवा चिकटा येतो.

मग ओळख पटवायची. एडवर्ड मॅरिस यांनी १८८१ मध्ये केलेली वर्गवारी आजही चालते: घोड्याच्या बाजूच्या छापाला आकडा, ढालीच्या छापाला अक्षर. नांगराच्या मुठीचं टोक आणि घोड्याची नाकपुडी कुठल्या अक्षराजवळ येते, ते पाहा. ‘५६-एन’, ज्याला उंटमुखी म्हणतात, ते बऱ्याचदा दुसऱ्याच नाण्यावर पुन्हा ठोकलेलं असतं. दिवा तिरका धरून घोड्याच्या मानेवर पाहा, खालच्या नाण्याचं एखादं अर्धं अक्षर अजून दिसतं.