सेल्फ ‘टक’ करून थांबतो तेव्हा : रिले, स्विच आणि सोलेनॉइड यांतील दोष कसा शोधावा

चावी फिरवली की बॉनेटखालून एकच ‘टक’ ऐकू येते आणि इंजिन मात्र फिरत नाही, ही तक्रार घेऊन गाडी गॅरेजमध्ये गेली की बहुतेक वेळा आधी बॅटरी बदलली जाते, मग रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि तरीही उपयोग झाला नाही तर अख्खा स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी सेल्फची मोटर. अंदाजाने सुटे भाग बदलण्याची ही पद्धत खर्चीक तर आहेच, पण त्यात मूळ दोष तसाच राहून काही दिवसांनी पुन्हा डोके वर काढतो. या सर्किटमध्ये ‘१२ व्होल्ट येतात का’ हा प्रश्न अपुरा आहे. स्टार्टर प्रत्यक्ष ओढ घेत असताना ते व्होल्ट कोठे हरवतात, हे शोधले पाहिजे. पुढील माहिती १२ व्होल्टच्या मोटारीच्या सेल्फ सर्किटला धरून दिली आहे, तरी हॉर्न, हेडलॅम्प किंवा रेडिएटरचा पंखा यांच्या रिलेलाही तीच रीत लागू पडते.

तपासणीसाठी डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प आणि शक्य असल्यास त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम एवढे पुरे. गाडी न्यूट्रलमध्ये, ऑटोमॅटिक असल्यास ‘पार्क’मध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. सेल्फ फिरवताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंधनपंपाचा फ्यूज काढून ठेवावा. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक काळ सेल्फ मारू नये आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. स्टार्टरच्या जाड केबलवर पाना लावण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला आणि हायब्रीड किंवा विजेवरील गाड्यांमधील नारिंगी केबलला हात लावू नये. ईसीयूच्या (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाच्या) पिनांवर टेस्ट लॅम्प वापरू नये, कारण दिव्याने ओढलेला करंट तेथील नाजूक ट्रान्झिस्टरला झेपेलच असे नाही.

आधी बॅटरी, तीही तिच्या खांबांवर

पूर्ण चार्ज असलेली, काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ व्होल्ट म्हणजे ती साधारण निम्मी उतरली आहे. अशा बॅटरीवर पुढची कोणतीही चाचणी करण्यात अर्थ नाही, ती आधी चार्ज करावी. सेल्फ फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी अशक्त आहे किंवा स्टार्टर प्रमाणाबाहेर करंट ओढतो आहे.

येथे मीटरची टोके कोठे ठेवली याला महत्त्व आहे. एकदा ती शिशाच्या खांबांवर ठेवून मोजावे, आणि नंतर एक टोक खांबावर व दुसरे त्याच खांबाच्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारावा. दुसऱ्या वेळी आकडा जवळजवळ शून्य असायला हवा. तो अर्धा-एक व्होल्ट आला तर दोष सापडलाच : क्लॅम्प सैल आहे किंवा त्याच्या आत पांढरा-हिरवा थर चढला आहे. कोकणपट्टीत चार पावसाळे काढलेल्या गाडीत हा दोष वरून न दिसताही आत असतो.

ओहम मोजून हा दोष का सापडत नाही, हेही समजून घ्यावे. पेट्रोल मोटारीचा स्टार्टर शंभर अँपिअरहून अधिक करंट घेतो. जोडावर ०.०१ ओहम एवढाच रोध असला तरी १५० अँपिअरला तेथे दीड व्होल्ट खर्ची पडतो. साध्या मीटरला ०.०१ ओहम दिसतच नाही, तो ‘जोड चांगला आहे’ असेच सांगतो.

रिले : एका डबीत दोन सर्किट

रिलेच्या पायांवरचे आकडे जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातले आहेत. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोके. ३० वर बॅटरीकडून येणारा पुरवठा. ८७ वरून तो भाराकडे, म्हणजे करंट वापरणाऱ्या भागाकडे जातो. पाच पायांच्या रिलेत ८७ए हा मधला पाय असतो आणि कॉइलमध्ये करंट नसताना तो ३० शी जोडलेला असतो. म्हणजे रिलेत दोन वेगळी सर्किट आहेत, एक हुकूम देणारे आणि दुसरे भार वाहणारे. दोष कोणत्या बाजूला आहे हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवावे.

मदतनिसाला चावी ‘स्टार्ट’वर धरायला सांगून रिलेवर बोट ठेवावे. हलका धक्का जाणवला तर हुकमाची बाजू बहुधा ठीक आहे. धक्का नसेल तर रिले काढून, चावी ‘स्टार्ट’वर असतानाच, सॉकेटमधील ८५ आणि ८६ यांमधील व्होल्टेज मोजावे. ते बॅटरीइतके असेल तर रिलेची कॉइल संशयित. ते नसेल तर दोन्ही पाय बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाशी पाहून वेगवेगळे मोजावेत, म्हणजे पुरवठा तुटला आहे की अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतण्याचा मार्ग), हे कळते. अनेक नव्या गाड्यांत हा अर्थ ईसीयू देतो. इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) चावी ओळखली नाही किंवा क्लच पूर्ण दाबला नाही तर तो मिळत नाही, आणि निष्पाप रिलेवर खापर फुटते.

बाहेर काढलेल्या १२ व्होल्टच्या नेहमीच्या रिलेची कॉइल साधारण ७० ते १०० ओहम दाखवते. तिला थेट बॅटरीवर लावून पाहण्यापूर्वी डबीवरील आकृती वाचावी. आत डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) असेल तर उलट जोडल्यास तो क्षणात जळतो. हा डायोड किंवा त्याऐवजी असलेला रेझिस्टर, कॉइल बंद होताना उसळणारा उच्च व्होल्टेजचा झटका शोषून घेतो. म्हणून ज्या जागी असा रिले होता तेथे साधा, स्वस्त रिले बसवणे म्हणजे ईसीयूला धोका देणे होय.

टक वाजली म्हणजे रिले चांगला, हा मात्र सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. आवाज केवळ पट्टी हलल्याचा असतो, तिच्या टोकावरचे कॉन्टॅक्ट जळाले असले तरी तो येतोच. खरी परीक्षा भार चालू असताना ३० आणि ८७ यांच्यामधला व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे मध्येच हरवणारे व्होल्टेज, मोजण्यात आहे. तो ०.२ व्होल्टहून अधिक असेल तर रिले बदलावा. शेजारच्या हॉर्नचा रिले काढून येथे लावून पाहण्याची युक्ती चांगली आहे, परंतु दोन्हींवरील आकृती आधी जुळवावी. हुबेहूब दिसणाऱ्या काही रिलेंमध्ये ३० आणि ८६ यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात.

स्विच

स्विचबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तो चालू असताना त्याच्या दोन टोकांमध्ये ०.१ ते ०.२ व्होल्टहून जास्त ड्रॉप नसावा; बंद असताना तेथे बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज दिसावे. दोष अधूनमधून येत असेल तर मीटर लावून ठेवून चावी, क्लचचे पेडल किंवा कनेक्टर हलवत राहावे. स्कूटरमध्ये ब्रेकचा स्विच आणि मोटारसायकलमध्ये क्लच, न्यूट्रल व साइड स्टँडचे स्विच सेल्फच्या सर्किटमध्ये गुंफलेले असतात, तेव्हा स्टार्टर उघडण्याआधी ते पाहावेत. इग्निशन स्विच वारंवार जळत असेल तर त्यावर नंतर जोडलेला भार शोधावा. ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प नऊ अँपिअरहून अधिक करंट घेतात, तो रिलेशिवाय स्विचमधून नेणे गैर आहे.

स्टार्टरचे सोलेनॉइड

सोलेनॉइड म्हणजे स्टार्टरवरचे विद्युतचुंबक. त्याची दोन कामे असतात : पिनियन (स्टार्टरचे छोटे दातेरी चाक) पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या दात्यांत बसवणे आणि नंतर मोटरचा जाड करंट जोडणे. त्यासाठी आत दोन कॉइल असतात. दोन्हींना ५० क्रमांकाच्या टर्मिनलवरून पुरवठा मिळतो. धरून ठेवणारी कॉइल थेट बॉडीला अर्थ असते, तर ओढणाऱ्या जोरदार कॉइलचा अर्थ स्टार्टर मोटरच्या आतून, म्हणजे तिच्या कार्बन ब्रशमधून (फिरत्या भागाला करंट पोहोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांतून) पूर्ण होतो. मुख्य कॉन्टॅक्ट जुळले की ओढणाऱ्या कॉइलच्या दोन्ही टोकांना बॅटरीचेच व्होल्टेज येते आणि ती आपोआप निष्क्रिय होते. ही रचना लक्षात असली की लक्षणे वाचता येतात.

टर्मिनल ५० वर पुरेसे व्होल्टेज येते आणि तरी सोलेनॉइड गप्प आहे, असे असेल तर ब्रशांचा विचार आधी करावा. ते झिजून कम्युटेटरला (मोटरच्या फिरत्या भागावरील तांब्याच्या पट्ट्यांना) टेकत नसतील तर ओढणाऱ्या कॉइलला परतीचा मार्गच उरत नाही. स्टार्टरच्या अंगावर लाकडी दांड्याने हलके ठोकल्यावर सेल्फ लागतो, हे त्याचेच चिन्ह असू शकते. अशा वेळी सोलेनॉइड बदलल्याने काहीच साधत नाही.

‘टकटकटक’ असा सलग आवाज येत असेल तर दोन शक्यता राहतात. बॅटरी किंवा जोड अशक्त असल्यास मोटरने करंट ओढताच व्होल्टेज कोसळते, प्लंजर (सोलेनॉइडमधला सरकता लोखंडी दांडा) सुटतो, व्होल्टेज सावरते आणि तो पुन्हा ओढला जातो. धरणारी कॉइल तुटली असल्यासही असेच होते, कारण कॉन्टॅक्ट जुळताच ओढणारी कॉइल निष्क्रिय होते आणि प्लंजरला धरायला कोणी उरत नाही. या वेगाने डिजिटल मीटरचा आकडा भरवशाचा राहत नाही. चांगली बॅटरी जंपर केबलने जोडावी. तरीही टकटक कायम राहिली तर धरणारी कॉइल किंवा स्टार्टरचा अर्थ तपासावा.

एकच ठसठशीत टक येऊन शांतता पसरली, तर सेल्फ धरून ठेवून सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमधील व्होल्टेज मोजावे. ते जवळजवळ १२ असेल तर आतली तांब्याची चकती किंवा कॉन्टॅक्ट जळाले आहेत. अनेक स्टार्टरांत केवळ हे कॉन्टॅक्ट सुटे मिळतात आणि ते बदलणे संपूर्ण स्टार्टरच्या तुलनेत फारच स्वस्त पडते. आकडा ०.२-०.३ च्या आत असेल तर सोलेनॉइडने आपले काम केले आहे. मग मोटर, अडकलेले इंजिन किंवा अर्थ पाहावा. अर्थासाठी स्टार्टरच्या धातूच्या आवरणापासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंतचा ड्रॉप सेल्फ मारताना मोजावा. तो ०.२ व्होल्टच्या पुढे असेल तर इंजिन आणि बॉडी यांच्यातील अर्थपट्टी काढून, तिच्या खालचा रंग व गंज खरवडून ती पुन्हा घट्ट बसवावी.

मोटारसायकलच्या स्टार्टर रिलेत पिनियन ढकलण्याचे काम नसते. तो दोन बोल्टांचा मोठा रिलेच आहे, आणि त्याची परीक्षा या बोल्टांवरील ड्रॉपनेच होते. जुन्या डिझेल पंपावरील इंधन तोडणारे सोलेनॉइड तर याहून सोपे आहे : चावी चालू करताच त्याला सतत १२ व्होल्ट मिळायला हवेत आणि तार काढून-लावून पाहिल्यावर स्पष्ट टक ऐकू यायला हवी. ईसीयूवर चालणारे व्हॉल्व्ह मात्र स्पंदनांनी चालवले जातात. त्यांना बॅटरी थेट लावून धरल्यास कॉइल तापून जळू शकते, म्हणून त्यांचा रोध गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याशीच ताडून पाहावा.